गावाने पाहिलेला बोर्ड

माझी आई टायफॉइडच्या तापातून उठली तेव्हा तिचे कान गेले होते. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे, येईल हळूहळू ऐकू. मग एकदा स्वयंपाकघरात पितळेचं झाकण दणकन खाली पडलं, मी दचकले आणि ती ढिम्म हलली नाही. तेव्हा काय ते कळलं. पण आई रडत बसणाऱ्यातली नव्हती. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बोलणं ओळखायला शिकली, आणि इतकी तरबेज झाली की बायका तिच्या समोर कुजबुजायलाही बिचकायच्या. फक्त माणसाचं तोंड तिच्याकडे वळलेलं हवं. पाठीमागून कोणी कितीही ओरडलं तरी तिला त्याचा पत्ता नसायचा.

बाबा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. घर कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या गावात, नोकरी पाळ्यांची. रात्रपाळीला निघताना सायकलची चेन पुन्हा पुन्हा तपासत रेंगाळायचे. मला म्हणायचे, ‘‘घरात कोनी शिरला तरी तुज्या आयला उजाडल्यावर कळंल.’’ मी म्हणायचे, मी आहे ना. ‘‘तू झोपलीस की ढोल वाजवला तरी उठत नायस,’’ हे त्यावरचं उत्तर. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग यायचा.

त्या काळजीतून बोर्ड जन्माला आला. वीजघरात दिव्यांचे बोर्ड असायचे. पत्र्याला चौकोनी भोकं, त्यात काच, काचेवर अक्षरं आणि मागे दिवा. पण तिथली अक्षरं दिवा बंद असतानाही दिसायची. बाबांना तसं नको होतं. ‘‘सगळंच दिसत ऱ्हायलं तर ती बगायचं सोडून देईल,’’ असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक अखंड दुधी काच घेतली, तिच्या मागे पत्र्याचे कप्पे केले, म्हणजे एका दिव्याचा उजेड दुसऱ्यात झिरपणार नाही. आणि पुढच्या बाजूला काळ्या रंगाचा हात दिला, अक्षरांच्या जागी अगदी पातळ आणि बाकी ठिकाणी जाड. हा पातळ हात जमेपर्यंत आमच्या घराला गॅरेजचा वास येत होता आणि आईचं नि त्यांचं रोज वाजत होतं. पण जमला. एरवी नुसती काळी पाटी. दारावरचं बटण दाबलं की, किंवा रात्री कोणी नुसतं दार ढकललं तरी, त्या काळ्यातून ‘दार’ असा शब्द उजळायचा. गोठ्यातून दाबलं की ‘गोठा’. मी ‘भांडण’ असाही एक कप्पा करा म्हणून सुचवलं होतं. बाबा म्हणाले, त्याला बटण लागत नाय.

आईला तो बोर्ड इतका आवडला की गणपतीत तो मखरात लावायचा हट्ट तिनेच धरला. घरात नवीन काही आलं की आधी देवापुढे, असा तिचा रिवाज. बाबांनी हौसेने खास शब्द केले, ‘या’, ‘बसा’, ‘प्रसाद घ्या’. आमच्याकडे गणपतीला कोणी कोणाला आमंत्रण देत नाही. दार उघडं असतं आणि जो तो प्रत्येकाच्या घरी जाऊन येतो. त्या वर्षी तर आमच्या ओटीवर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. पळसदरीहून माणसं आली, वीजघरातले सोबती बायकामुलांसह आले. पोरं बटण सोडेनात. आई मखराशेजारी बसून एकेकाचं तोंड बघत होती, एकेकाचं कौतुक वाचत होती, करंज्या देत होती. तिला इतकं खूश मी त्यानंतर पाहिलं नाही.

त्याच गर्दीत खोपोलीचा एक कारखानदार होता, कोणाचा तरी पाहुणा म्हणून आलेला. तो बोर्डासमोरून हलेना. शेवटी बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘याचं पेटंट काढा. कागद हातात आला की मी हे बनवायला घेतो, आणि तुम्ही माझ्याकडे या. दिवसाचं काम, रात्री घरी.’’ बाबांनी बाकीचं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. रात्री घरी, एवढंच त्यांनी ऐकलं. त्या दोन शब्दांसाठी त्यांनी पुढची सगळी धावपळ केली.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका वकिलाकडून अर्ज गेला. त्यात आमच्या बोर्डाचं ‘प्रकाश आरपार जाऊ देणारे भाग असलेला दर्शनी फलक’ असं काहीतरी झालं होतं. बाबांनी ते वाचून आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मंजी आपलाच का?’’ वकिलाने गणपतीचं विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. गणपतीचा नि अर्जाचा काय संबंध?

बरेच महिने गेले आणि पेटंट कचेरीत अर्जांची तपासणी करणाऱ्या साहेबांनी हरकत घेतली. दिव्यांच्या अक्षरांचा असा फलक परदेशात पूर्वीच झालेला आहे, तुमच्यात नवीन काय, ते येऊन सांगा. वकील म्हणाला, मी बघतो. बाबा म्हणाले, मी दाखवतो. मी तेव्हा कॉलेजात होते. बोर्ड गोधडीत गुंडाळून आम्ही दोघं मुंबईला त्या कचेरीत गेलो, वकील तिथे भेटला.

साहेब मराठी होते, आणि आम्ही धरून चाललो होतो तसे खडूस अजिबात नव्हते. त्यांनी बोर्ड टेबलावर ठेवायला लावला, खिडकीच्या उजेडात तिरपा करून पाहिला, काचेवरून बोट फिरवलं. बाबांनी बटण दाबलं. काळ्यातून ‘दार’ उमटलं आणि साहेबांनी खरोखरच मान वळवून दाराकडे पाहिलं. मग स्वतःच हसले. त्यांनी परदेशी बोर्डाचं चित्र काढून शेजारी ठेवलं. त्यात भोकं पाडून काचा बसवलेल्या होत्या. ‘‘तुमचा एकसंध आहे, आणि बंद असताना अक्षर दिसत नाही. हा फरक मला मान्य आहे,’’ ते म्हणाले. वकिलाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जिंकलो होतो आम्ही.

बाबा तिथे थांबले असते तर! पण माणूस खूश झाला की त्याला आणखी बोलावंसं वाटतं. नवीनपणाचा सगळ्यात मोठा पुरावा तर त्यांनी अजून दिलाच नव्हता. ते म्हणाले, ‘‘साहेब, गनपतीत मखराला लावला व्हता. पार पळसदरीपास्नं लोकं बगायला आली. एकानंबी असलं आदी कुटं बगितलं नव्हतं.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘कोणत्या गणपतीत?’’

‘‘अर्जाच्या आदीच्या.’’

वकिलाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी समजावून सांगितलं, की अर्ज करण्याआधी जी वस्तू उघडपणे लोकांसमोर मांडली जाते ती कायद्याला नवी राहत नाही. मग ते थोडे पुढे झुकले. आजही मी सांगेन, त्या माणसाला मनापासून वाट काढायची होती. ‘‘घरचा गणपती म्हणजे घरचीच माणसं असतील ना? चार नातेवाईक?’’

वकील बाबांकडे बघत होता. मी बघत होते. बाबांनी ‘हो’ म्हणायचं होतं, बस. पण ज्याच्या घरी गणपतीला चारच माणसं येतात त्याची गावात काय किंमत असते, ते त्या खोलीत फक्त मला नि बाबांना ठाऊक होतं. बाबा ताठ बसले. ‘‘आमच्याकडं चार मान्सं? अक्खं गाव येतंय साहेब. गेल्या साली तर उभं ऱ्हायला जागा नव्हती.’’

अर्ज नामंजूर झाला. खोपोलीचा कारखानदार म्हणाला, वाईट झालं, आणि पुन्हा आला नाही. बाबा निवृत्तीपर्यंत पाळ्याच करत राहिले.

आईला त्यांनी एवढंच सांगितलं, की नाही मिळालं, साहेबांना बाहेरदेशचा एक जुना बोर्ड सापडला. मखरात लावायचा हट्ट तिचा होता, म्हणून खरं कारण त्यांनी गिळून टाकलं. पण गावात कोणी विचारलं तर त्यांना खोटं बोलता येईना. चावडीवर एकाने विचारलं, काय झालं रं तुज्या बोर्डाचं? बाबा सरळ म्हणाले, ‘‘गनपतीत लोकांनी बगितला, म्हनून गेला.’’ त्यांच्या मनात कायदा होता. ऐकणाऱ्यांना कायदा कुठला माहीत? त्यांनी ऐकलं ते एवढंच, की आपली दृष्ट लागली. ते घराघरांत पोचायला संध्याकाळही लागली नाही.

पुढच्या गणपतीला आईने नेहमीइतक्याच करंज्या केल्या. बोर्ड बाबांनी लावला नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ओटी रिकामीच होती. काहींनी पोरांच्या हाती नारळ पाठवले. संध्याकाळी थोडी माणसं आली, पण येताना खाली मान आणि जाताना खाली मान. मखराकडे नाही, भिंतीकडे नाही, आमच्याकडेही नाही. आपल्या नजरेने या घराचं आणखी काही जाऊ नये, म्हणून ती भली माणसं जमिनीकडे बघूनच देवाला हात जोडत होती आणि जमिनीकडे बघूनच बोलत होती. आई वाकून वाकून त्यांची तोंडं शोधत होती. ‘‘काय म्हनली गं ती?’’ दर वेळी मला विचारायची. मी सांगायचे, आणि प्रत्येक वेळी माझा संताप संताप व्हायचा, कोणावर ते मात्र कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा दारोदार फिरले. शेजारच्या काकांच्या ओटीवर मी त्यांच्याबरोबर होते. ‘‘अरं, तुमची नजर नाय रं, कायदा हाय तसा. वर तरी बगा माज्याकडं.’’ काका पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, ‘‘नाय रं भावा. आदीच तुजं येवडं गेलंय.’’

विसर्जनाच्या आधी आई उरलेल्या करंज्या डब्यात भरत होती. डबा पुरला नाही, तशी तिने दुसरा घेतला. मग हात थांबवून बाबांना म्हणाली, ‘‘मी भयरी झाली तवासुद्दा मान्सं माज्याशी बोलायची. आता काय झालं वो? मला कटाळली का सगळी?’’

आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. बाबांनी सांगायला तोंड उघडलं. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी त्यात तोंड खुपसलं, आणि तिला काहीच वाचता आलं नाही.