शिजत्या हळदीचा वास

हदगावजवळ रस्त्याकडेच्या रानात हळद शिजत होती. तो ओला, मातकट वास गाडीत शिरला आणि मी तीस वर्षांमागच्या आमच्या शेतात जाऊन पोचलो.

बांधावर पळस फुलला होता. आक्काला आणि मला, दोघांनाही पुढं शिकायचं होतं. पण विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकालाच पाठवायचं, असं घरात ठरलेलं. कढईवर लक्ष ठेव म्हणून मला बजावून आक्का सरपणाला गेली. त्या पिवळ्या वाफेत मला कॉलेजच दिसत राहिलं. शिजली का ते काडी टोचून बघायचं राहून गेलं आणि हळदीचा पार लगदा झाला.

"कोण व्हतं रे कढईपाशी?" आमचे वडील, अण्णा, ओरडले.

"आक्का," मी म्हणालो.

तोवर मोळी घेऊन ती मागं येऊन उभी राहिली होती.

"काय गं, कढई सोडून गेली व्हतीस का? हळदीवर ध्यान ठिवणं व्हईना, अन् म्हणं इंजिनेर व्हायचंय!"

आक्का नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या वर्षी विष्णुपुरीला मी गेलो.

तिनं मला पाठीशी घातलं, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी खरं बोलेन, म्हणून ती थांबली होती.