नागप्पाच्या डब्यातले काटे

मी नव्या पेठेत कापड विकतो. गिऱ्हाईक घेणार की नुसतंच चाचपून जाणार, हे मला ते पायरी चढतानाच कळतं. त्यामुळे माणूस ओळखण्याचा मला मोठा गर्व होता.

आम्ही रोज सकाळी फिरायला जातो त्या बागेचा माळी नागप्पा, अक्कलकोटकडचा. बावीस वर्षं बाग राखत होता. बोलणं कमी, तेही निम्मं कानडीत. बागेमागचं रान मुद्दाम तसंच सोडलेलं, तिथे साळिंदरं असायची. गेल्या वर्षी बागेच्या समितीने त्या रानात लिंबाची रोपं लावली आणि साळिंदरांनी मुळं कुरतडून टाकली. फिरायला येणाऱ्यांत दोन तट पडले. निम्मे म्हणत, मारून टाका. मी मारू नका म्हणणाऱ्यांतला. समिती फक्त ‘बंदोबस्त करू’ म्हणाली. तो शब्द मला तेव्हाच खटकला होता.

पंधरा दिवसांत नाल्याकाठी एक साळिंदर मेलेलं सापडलं, तोंडाला फेस. विष घालणार कोण? समितीचा पगार खाणारा आणि दिवसभर रानात फिरणारा एकच माणूस होता. मी नागप्पावर पाळत ठेवली. तो वाकून काहीतरी उचलायचा आणि इकडेतिकडे बघत खिशात टाकायचा. एकदा तो पाणी सोडायला गेला, तेव्हा मी त्याच्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडला. आत साळिंदराचे काटे, दोऱ्याने बांधलेल्या जुड्याच जुड्या. तेवढ्यात तो दारात आला.

“किती मारलीस, नागप्पा?”

“मारली न्हाईत, मालक. काटं आपसूक झडत्यात. नवा काटा घावला की समजायचं, जनावर जित्तं हाय. मारणाऱ्याला त्येंची वाट कळू ने म्हणून उचलतो की.”

मला हसू आलं. असल्या थापा मी दुकानात रोज ऐकतो. डब्याचा फोटो काढून मी बागेच्या ग्रुपवर टाकला. आठ दिवसांत नागप्पाचं काम गेलं. मारा म्हणणारेही माझ्या बाजूने बोलले, ते मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं. जाताना त्याने डबा माझ्या हातात दिला. “आता तुमी बगा,” एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर महिन्याभरात आणखी तीन साळिंदरं मेली, तशीच, तोंडाला फेस येऊन.

मला माझी लाज वाटते. रोज सकाळी मी रानात वाकून शोधतो. फिरणारे माझ्याकडे संशयाने बघतात, बघू देत. डबा घरी कपाटात आहे. दोन महिने झाले, त्यात टाकायला मला एकही काटा सापडलेला नाही.