गोधडीचा घास

शेजारच्या मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी सुईला हात लावायच्या नाहीत, बाकी दिवस सुई खाली ठेवायच्या नाहीत. पनवेल बंदरावर टाकून दिलेलं शिडाचं कापड दिसलं, की ते त्यांच्या पिशवीत गेलंच म्हणून समजा.

"याचं काय करणार?" मी विचारायची.

"घरी गेल्यावर बघू."

असल्या कापडांच्या गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्या आत भाकरीचा तुकडा ठेवत. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

मावशींचं इस्रायलला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी माझं विरलेलं लुगडं मागून घेतलं. बरोबर न्यायला शिवलेल्या त्याच्या गोधडीत मात्र चांगली अर्धी भाकरी कोंबली.

"एवढी कशाला, मावशी?"

"बोटीचा प्रवास आहे," दातांनी दोरा तोडत त्या म्हणाल्या. "आणि तिकडे तांदळाची भाकरी कोण करतंय?"