दोन्ही हातांत अक्षता

टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाला घरदार असतं, हे लोकांना पटतच नाही. आमच्या शेजारच्या जमुनाचा धाकटा भाऊ श्याम सिनेमात आहे. कुठेतरी मागे उभा राहणारा नव्हे, चांगला पोस्टरवर झळकणारा. त्याच्या दारूची बातमी आली की आमच्या गल्लीतल्या बायका जमुनाकडे साडीला फॉल लावून घ्यायला हटकून येणार. साडी कपाटातली जुनीच असते. मशीनशेजारी बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग आवाज खाली आणून विचारायचं, "भावाचं कसं काय हाय वं?"

जमुना पायाने मशीन मारत राहते. "बरं हाय," एवढंच म्हणते.

ती मूळची अकोल्याची. आई गेली तेव्हा श्याम नुकताच शाळेत जायला लागला होता. त्याला न्हाऊमाखू घालणं, मारणं आणि मग कुशीत घेऊन रडणं, सगळं हिनेच केलं. तो तिला बाई म्हणतो. लग्न होऊन ती अमरावतीला आली, नवरा किसनराव नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला, श्याम मुंबईला गेला आणि मोठा झाला. मोठा झाला आणि बिघडला. उगाच कशाला लपवू? प्यायला लागला, बायको लेकीला घेऊन वेगळी झाली, प्रकरण कोर्टात गेलं. आठ वर्षांच्या रागिणीला दर शनिवारी भेटायची परवानगी मिळाली, पण अट पडली. पुन्हा प्यायलेला आढळला तर भेट बंद.

त्या दिवसापासून त्याने थेंबालाही हात लावला नाही. हे जमुना शपथेवर सांगते आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण दारू सोडवायच्या औषधांनी त्याचे हात थरथरायला लागले. नशेत नसलेला माणूस नशेत असल्यासारखा दिसायला लागला, आणि लोकांना तेवढं पुरतं.

यंदा जमुनाच्या लेकीचं, दामिनीचं लग्न ठरलं. नवरदेव अचलपूरचा. मामाने नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. पत्रिकेत श्यामचं नाव छापलं तेव्हापासून व्याह्यांकडच्या पाहुण्यांचा आकडा फुगायला लागला. कोणाला लग्नाशी घेणंदेणं नव्हतं.

लग्नाच्या आधी श्यामचा फोन आला. "बाई, मी येऊ का नको ते तूच सांग. माहे हात पाहशील तं घाबरशील. कोनी व्हिडिओ काढला तं माही पोरगी गेली."

जमुनाच्या ओठांवर 'नको येऊ' आलं होतं. पण दामिनी समोरच बसलेली. ती म्हणाली, "मामा नसन तं मी पाटावर उभी राहत नाई." जमुनाने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू ये. बाकीचं माह्यावर सोड."

लग्नात मोबाइल काढू नका, असं माइकवर सांगितलं असतं तर वरात आल्या पावली परतली असती. जमुनाने वेगळीच शक्कल लढवली. तिने ज्वारीच्या पिवळ्या अक्षता इतक्या करून ठेवल्या, की मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मुहूर्त जवळ आला तशी ती टोपलं कमरेला लावून मंडपभर फिरायला लागली. चिमूटभर द्यायची रीत. ही ओंजळभर द्यायची. "दोन्ही हात करा दादा. सांडू नका, अपशकुन होते." नवरदेवाच्या काकांनी एका हातात मोबाइल धरून दुसरा पुढे केला, तर म्हणाली, "एका हातानं आशीर्वाद देता का जी लेकराले?" काका ओशाळले. मोबाइल खिशात गेला. ज्वारी बारीक, निसटती. ओंजळ जरा सैल केली की गळते. सगळा मंडप हात जोडल्यासारखा दोन्ही हात सांभाळत उभा. मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. शूटिंगवाल्याला तिने आधीच दम देऊन ठेवला होता, की कॅमेरा नवरा-नवरीच्या तोंडावरून हलायचा नाही.

श्याम दामिनीला घेऊन आला. पोस्टरवरचा तो आणि हा, यात फार अंतर होतं. गाल बसलेले, सदरा अंगावर लोंबत होता. त्याने भाचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात असा थरथरायला लागला की तिच्या मुंडावळ्या हलल्या. दामिनीने आपला हात वर करून त्याच्या हातावर दाबून धरला.

जमुनाने हे पाहिलं नाही. लेकीच्या मंगलाष्टका आईने पाहायच्या नाहीत, तेवढा वेळ तुळशीला पाणी घालत राहायचं, अशी त्यांच्याकडची रीत. ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात तांब्या घेऊन उभी होती. शेवटची मंगलाष्टका संपली, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली. ठरल्याप्रमाणे श्याम मागच्या दाराने तिच्याकडे गेला. पार पडलं होतं. दोघं बहीणभाऊ तुळशीपाशी एकमेकांना धरून रडले.

पण पाहुण्यांच्या ओंजळी भरताना घरचा माणूस राहून गेला होता. नवरीचा बाप. मंगलाष्टका चालू असताना किसनराव मांडवाच्या कडेला रिकाम्या हातांनी उभे होते. कारखान्यातले लोक त्यांना वर्षानुवर्षं चिडवत आले होते, "किसनभाऊ, तुमचा साळा टीव्हीतूनच राखी बांधून घेते का?" त्या दिवशी तो साळा खरोखर समोर उभा होता. त्या आनंदात कोर्टाची अट विसरून त्यांनी मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि स्टेटसला ठेवला: 'आमचे साळेसाहेब भाचीच्या लग्नाले हजर.'

स्टेटसवरून कोणीतरी तो उचलला, आणि दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्या चॅनेलांवर होता. 'भाचीच्या लग्नातही नशेत.' थरथरत्या हाताभोवती लाल गोल काढून, पुन्हा पुन्हा. पुढच्या तारखेला बायकोच्या वकिलाने तोच व्हिडिओ कोर्टात दाखवला आणि रागिणीची शनिवारची भेट बंद झाली.

जमुना किसनरावांना एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि मशीनवर जाऊन बसायची. मी असते तर भांडून गल्ली डोक्यावर घेतली असती. तिचं ते गप्प राहणं मला जास्त भयंकर वाटलं. किसनराव ताटावर बसायचे आणि अर्धं टाकून उठायचे.

मी साडी आणायला गेले होते तेव्हा श्यामचा फोन आला. हात कामात होते म्हणून जमुनाने स्पीकर लावला. किसनराव दारातच बसलेले.

"बाई, भाऊजीले बोलत नाईस म्हने तू? दामिनीनं सांगतलं."

"काय बोलू? तुही पोरगी गेली त्याच्या पायी."

 मग तो म्हणाला, "बाई, आजवर ज्यानं ज्यानं माह्यावर मोबाइल धरला, तो मी कवा पडतो हेच पाहाले. मी आलो म्हनून खुश होऊन धरला, असा तो एकलाच भेटला मले. त्याले जेवू घाल."

जमुनाने मशीन थांबवलं. ती उठली, दाराकडे पाहून "चला, जेवाले बसा," म्हणाली आणि आत जाऊन किसनरावांचं ताट वाढायला लागली.