कडू भरीत

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा धूर नाकात गेला की मला धुळ्यातल्या माझ्या भरीत केंद्राचे पहिले दिवस आठवतात. असोद्याची वांगी, पऱ्हाटीचा जाळ, हिरवी मिरची, सगळं अगदी गावासारखं. तरी दुसऱ्याच आठवड्यात भरीत कडू लागायला लागलं. एका आजोबांनी तर पहिल्याच घासाला ताट सरकवलं. "अक्का, हाई आपलं भरीत नई शे." माझा संशय थेट चुलत दिरावर गेला, कारण असोद्याहून वांगी तोच पाठवायचा. चांगला माल जळगावला देऊन उरलासुरला माझ्या माथी मारतो, असं मी धरूनच चालले. पोत्याची शिवण तपासायची, वांगी हुंगायची, फोनवर कुठल्या शेतातली म्हणून आडून आडून विचारायची. शेवटी एका सकाळी तोच पोतं घेऊन एसटीने आला. "वहिनी, आता माझ्यासमोर भाजा." वांगी भाजली, सोलली, त्याने एक फोड मला चाखायला दिली. गोड होती. तरी माझं मन काही मानेना. बाकीची वांगी मी मिक्सरमध्ये टाकली. गर्दी वाढल्यापासून बडगीच्या लाकडी पात्रात ठेचत बसायला वेळ कुणाला होता? मिक्सर थांबल्यावर तो म्हणाला, "आता चाखा." भरडलेल्या बियांनी जीभ कडू झाली. तो चहासुद्धा न घेता गेला, पण पुढच्या पोत्याबरोबर एक मोठी बडगी आली. आज केंद्र झकास चाललंय. पोतं आलं की मी अजूनही एक वांगं हुंगतेच. फक्त तो आसपास नाही ना, हे आधी बघून घेते.