हळद लावलेले बोंबील

कमलाकांत धैर्यवानांना कशाकशाची किळस येते हे सांगत बसलं तर दिवस पुरणार नाही. हॉटेलातला पेला, दुसऱ्याच्या घरचा टॉवेल, लिफ्टचं बटण, पंगतीत आमटीत बुडालेला वाढप्याचा अंगठा, सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर, "शी!" विमा कंपनीतून निवृत्त झाले, लग्न केलं नाही. का केलं नाही, तर म्हणे मुली बघायला गेलं की पोह्यांत केस निघायचा.

मासळीची मात्र त्यांना किळस नव्हती. पाठारे प्रभूंच्या घरात मासळीला कुणी नाक मुरडत नाही. तिथे नाक कामाला लावतात. गिरगावातल्या गल्लीच्या तोंडाशी बेबी कोळीण पाटी घेऊन बसायची. मच्छीमार नगरातून ती भल्या पहाटे निघायची आणि कमलाकांत आले की न सांगता माशाचा कल्ला उचलून दाखवायची. ते वाकायचे, हुंगायचे आणि मान डोलवायचे. धैर्यवान ज्या पाटीपुढे वाकतात तिथली मासळी डोळे मिटून घ्यावी, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्या म्हाताऱ्याचा अभिमान एवढाच होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता.

त्यांची पुतणी नूपुर त्यांच्याकडेच राहायची. परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेचं ऑफिस होतं, तिथे ती लागली होती. कायम व्हायची होती अजून. कंपनीचं नाव भलंमोठं, काम मात्र आयत्या बिळावर नागोबाचं. एका बड्या क्लाउड कंपनीने शिकाऊ लोकांसाठी नमुन्याचं ॲप ठेवलेलं होतं. एका फोल्डरात गुलाबाचे फोटो टाका, दुसऱ्यात सूर्यफुलाचे, दोन्हींना नावं द्या, बटण दाबा. यंत्र ते फोटो बघून शिकतं, आणि मग फोनपुढे फूल धरलं की त्याचं नाव सांगतं. नूपुरच्या साहेबाने, सुशांतने, ठरवलं की फुलं काढायची, मासे घालायचे, वर आपलं चिन्ह चिकटवायचं आणि मासळीचा ताजेपणा ओळखणारी स्वतःची बुद्धी म्हणून बाजारात मिरवायची. ते नमुन्याचं ॲप उभं करायचं काम नूपुरच्या गळ्यात पडलं.

"काका, खातं उघडलं, पासवर्ड मिळाले, ॲप चालतंय," ती म्हणाली. "आता फक्त फोटो हवेत. ताज्या मासळीचे आणि खराब मासळीचे. तुझ्याशिवाय कोण देणार?"

ताज्या मासळीचे फोटो काढायला काहीच त्रास पडला नाही. रोज सकाळी बेबीच्या पाटीवर फोन धरायचा. चांदीसारखी पापलेटं, ओले बोंबील, मांदेली, सगळं तिथल्या तिथे टिपून घ्यायचं. मग कमलाकांतांनी तिच्याकडे सडकी मासळी मागितली.

बेबीचा कोयता हवेतच थांबला. "शेट, माझ्याकडं सडकं म्हावरं मागताव? आजवर दिलं काय कधी? दुसऱ्या कुनी ईचारलं असतं तर पानी मारलं असतं तोंडावर."

त्यांनी जीभ चावली आणि दुपारी टॅक्सी करून दादरला गेले. तिथे कुणी ओळखणारं नव्हतं. बाजार उठता उठता त्यांनी आदल्या दिवसाची मासळी घेतली, तोंडाला रुमाल लावून, चोरासारखी. डोळे खोल गेलेले, पोटं फुटलेली, आणि वास असा की टॅक्सीवाल्याने काचा खाली घेतल्या आणि त्यांच्याकडे बघून थुंकला. तिथे उभं राहून फोटो काढायची त्यांना लाज वाटली. पिशवी घरी आणली आणि मोरीत ओतली.

धैर्यवानांच्या घरात मासळी आली की आधी धुवायची, हळद-मीठ चोळायचं, मगच तिच्याकडे बघायचं. त्यांच्या आईचे हात हेच करत आले, आजीचेही. त्या घाणीसमोर कमलाकांतांचे हात आपोआप हळदीच्या डब्याकडे गेले. चांगली मूठभर हळद चोळली तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. मग नूपुरने फोटो काढले. तिलाही काही खटकलं नाही. ज्या घरात जन्मभर मासा पिवळाच कढईत पडतो तिथे हळद कुणाला दिसणार? पुढचे दोन आठवडे असंच चाललं, आणि यंत्राला शिकायला भरपूर फोटो जमले.

यंत्र शिकलं. त्यांतलेच शिकवायला न वापरलेले फोटो दाखवले तर एकही चुकेना. सुशांत खूश झाला. म्हणाला, आता रस्त्यावर जाऊन सगळ्यांसमोर दाखवू, व्हिडिओ काढू. आणि ते करायला त्याने निवडली बेबीचीच पाटी, कारण काकांची ओळख होती.

त्या दिवशी सुशांत आला तो अत्तराचा भपकारा आणि एक कॅमेरावाला घेऊन. पाटीसमोर नाकाला रुमाल लावून उभा राहिला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असलं की तेवढा रुमाल खाली घ्यायचा. कमलाकांतांना त्याच क्षणी त्याची शिसारी आली. त्याने पापलेटवर फोन धरला. हिरवी अक्षरं आली, ताजं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेबीही हसली. मग तो शेजारच्या ताटाकडे वळला. ऑफिसला जाणाऱ्या बायकांसाठी बेबी बोंबील साफ करून, हळद-मीठ लावून ठेवायची, संध्याकाळी नुसते तव्यावर टाकायचे.

फोनवर लाल अक्षरं आली. खराब.

सुशांतने पुन्हा धरला. पुन्हा खराब. त्याचे डोळे चमकले. "बघितलं? लाइव्ह पकडलं! साफ करून, मसाला लावून जुना माल खपवतात ना, तो पकडला आपण!"

कमलाकांतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळद. यंत्राने सडकेपणा ओळखलाच नव्हता. ते शिकलं होतं पिवळा रंग, आणि तो त्यांनीच स्वतःच्या हाताने चोळला होता. त्यांनी तोंड उघडलं. समोर नूपुर उभी होती. तिलाही कळलं होतं. तिने मान हलवली, अगदी थोडी, आणि डोळ्यांनी विनवलं, काका, आत्ता नको.

"शेट," बेबी ओरडली, "तुमी सांगा ना ह्यांना! माझं म्हावरं कसं असतं तुमी सांगा!"

सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. कॅमेराही वळला. त्यांनी नुसतं वाकायचं होतं. हुंगायचं आणि मान डोलवायची, रोजच्यासारखी.

"मला... त्या मशिनमधलं काही कळत नाही," कमलाकांत म्हणाले.

गर्दीत रोजची गिऱ्हाईक सुरुची होती. तिने पिशवीतली बोंबलाची पुडी काढली, ताटात परत ठेवली आणि हात रुमालाला पुसले. तिच्या मागून आणखी दोघी निघाल्या.

घरी नूपुर रडली. "मी कायम झाले की लगेच दुरुस्त करते, काका. शप्पथ."  कमलाकांतांना तिची दया आली. किळस आली ती स्वतःची, आणि ती कशानेही जाईना. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. व्हिडिओ तोवर गल्लीभर फिरला होता.

सकाळी ते बेबीकडे गेले. पाटीपुढे कुणी नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, दादरची मासळी, मोरी, हळद, नूपुरची नोकरी. काही लपवलं नाही. बेबीने ऐकून घेतलं. 

"म्हंजे तुमाला कालच ठावं होतं?"

"हो."

"उभं होताव तवाच?"

"हो, बेबी."

"मंग आता एकट्यात येऊन मला काय सांगताव, शेट? मला ठावं हाय माझं म्हावरं ताजं हाय. सांगायचं होतं ते त्यांना."

तिने बादली पुढे ओढली आणि ताटातले आजचे हळद लावलेले बोंबील एकेक करून पाण्यात धुवायला घेतले. पिवळं आता कुणी घेणार नव्हतं. कमलाकांत तिथेच उभे राहिले. तिने त्यांना जा म्हटलं नाही, आणि कल्लाही उचलून दाखवला नाही.