संशयाला लागणारी जागा

“माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला?” मी असा गरजलो की चार गल्ल्यांतली कुत्री शेपूट घालून बसली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे अख्खं मशीन चालवणारा गाभा, मी नव्याने बांधला होता, पण तो सुरू करायला लागणारी बूट इमेज नावाची फाइल तयारच होईना. आणि संध्याकाळी बायकोचा ऑनलाइन गाण्याचा वर्ग याच मशीनवर. मी मांजरापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला.

बायकोने पडद्यावरची ओळ वाचली. “जागा शिल्लक नाही म्हणतोय.”

या फाइली ठेवायच्या डिस्कवरच्या ‘बूट’ नावाच्या टीचभर कप्प्यात जुने कर्नल खच्चून भरले होते. मीच ठेवलेले. नव्याचा भरवसा काय! संशयी माणसाचं घर असंच भरत जातं आणि नवं दाराशी ताटकळतं.

“पण नवा दगा देणार नाही कशावरून?” मी कुजबुजलो.

“एक जुना ठेवा, बाकीचे काढा. पाचला वर्ग आहे.”